दुसरं पाणी

सात महिन्यांचा पगार थकला, तेव्हा
कुताइसीच्या ट्रक कारखान्यानं माझ्या बापाला
हिशेबापोटी एक पेटी दिली.
लाकडी. दोघांनी उचलावी इतकी जड.
आईनं झाकण काढलं आणि नुसतीच बसली.
बोथट कानशी, टोकं गेलेली ड्रिलं,
मोडके टॅप, दातपडके कटर,
यंत्रकरवतीची झिजलेली पाती.
"हे शिजवू का?" ती म्हणाली.

बोन्दो (आम्ही पोरंही त्याला नावानंच हाक मारायचो)
हसला नाही.
अंधार पडू दिला,
मग सहाणेच्या चाकावर एकेकाला टेकवत बसला.
कानशीची ठिणगी फुटायची शेपूच्या फुलोऱ्यासारखी,
ड्रिलची निघायची लाल, लांब, अबोल.
"ठिणगी खोटं बोलत नाही," तो म्हणाला,
"शिक्का बोलतो. मी स्वतः मारलेत तसले."

रात्री कानशी निखाऱ्यांत पुरायच्या,
वर राख, आणि कुणी उकरायचं नाही.
सकाळपर्यंत त्यांचं पहिलं पाणी उतरलेलं.
मग ठोकायचं, घासायचं, पुन्हा तापवायचं
पिकल्या चेरीइतकं,
आणि बुडवायचं सूर्यफुलाच्या तेलात.
तेलच, पण म्हणायचं पाणी.
दुसरं पाणी.
गल्लीभर तळणाचा वास जायचा
आणि पोरं दाराशी येऊन उभी राहायची.

इपोलितेला द्राक्षवेलीच्या कलमांसाठी सुरी,
एकाच अंगानं धार,
पाठीवर कानशीचे दात तसेच राखलेले,
ओल्या हातातून निसटू नये म्हणून.
त्सिसानाला करवतीच्या पात्याचा चाकू.
एक कटर, बारा दातांतले नऊ उरलेला,
आक्रोड फोडायला दिला कुणाला तरी;
त्यानं बोटंच जास्त फुटली.
मोडक्या टॅपनं आईनं भोपळ्याला भोकं पाडली
आणि बोन्दोला सांगितलं नाही.

कुणी म्हणालं, जुनं ते सोनं.
बोन्दो म्हणाला, सोन्याला धार लागत नाही.

आता हे ऐकायला बरं वाटतं.
त्या हिवाळ्यात आम्ही चाकू विकून मक्याचं पीठ आणलं,
आणि लापशी कापावी लागत नाही.

पुढे मी बारीला गेले, इटलीत,
दुसऱ्यांच्या आया सांभाळायला.
बॅगेत कपड्यांखाली एक सुरी.
सिन्योरा इमाकोलाताला दात नव्हते,
सुरीच्या पाठीला होते.
मी पाव बारीक करायची, ती बघायची.
लेकीचं नाव विसरलेली ती बाई
एकदा त्या दातांवरून अंगठा फिरवून म्हणाली,
"लीमा."
कानस.
तिच्या घरात कोण कानस चालवायचं,
ते मला कधीच कळलं नाही.

बोन्दो गेला तेव्हा पेटी जवळजवळ रिकामी होती.
तळाशी, मेणकागदात, ग्रीस लावलेला,
एक रीमर. कोरा.
भोकाला शेवटचा केसभर नेमकेपणा देतो, तो.
आई म्हणाली, "दर शरदात काढायचा,
पुसायचा, परत ग्रीस लावायचा.
विचारलं तर म्हणायचा,
यानं अजून पहिलं काम केलेलं नाही,
दुसरं कसं सांगू?"

मीही दोन वर्षं तसंच केलं.
शरद आला की चिंधी, ग्रीस, मेणकागद.
कारखान्याच्या छपरावर तोवर झाडं उगवली होती,
फाटक तर कुणी कधीच विकलं होतं.

मग दारूच्या कोठीच्या दाराची बिजागरी तुटली.
तिची कडी गंजून गेली होती.
मी हातोडी शोधली, खिळा शोधला,
खिळा सैल बसला.
पेटीशी जाऊन आले. परत गेले.
ग्रीस पुसताना वाटलं,
तो मागे उभा राहून माप बघतोय.

रीमरचा दांडा असा बसला
की मधे कागदही शिरू नये.

दार आता कुरकुरत नाही.
रात्री कोण आत गेलं, कोण बाहेर आलं,
काही समजत नाही.